एकाच बँडसॉवर सागवान आणि लोखंड

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्र्यांना लागून पॅटर्न शॉप आहेत. साचा घालायचा तर आधी वस्तूची प्रतिकृती लागते, तिलाच पॅटर्न म्हणतात. नग थोडे असतील तर पॅटर्न सागवानाचा होतो. हजारो नगांचं काम असेल तर अॅल्युमिनियमचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून ५०० मिलिमीटरच्या नगासाठी पॅटर्न ५०५ चा करावा लागतो. इतक्या बारीक हिशोबाचं हे काम. त्यात मधूनच एम.एस.ची (माइल्ड स्टीलची) पट्टी नाही तर गोल बार कापायचा असतोच. लाकूड आणि धातू दोन्ही कापणारा बँडसॉ खरोखर कोणाला हवा असेल, तर तो इथल्या कारागिराला.

मशीन घ्यायला गेलं की दुकानात चर्चा चाकाच्या व्यासाची आणि मोटारच्या एचपीची होते. पण या खरेदीत पहिला प्रश्न ब्लेडच्या वेगाचा असायला हवा. लाकडासाठी ब्लेड मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास पळतं. एम.एस.ला चांगलं बायमेटल ब्लेड लावलं तरी ६०-७० मीटर पुरेत, साध्या कार्बन स्टीलच्या ब्लेडला तर त्याहूनही कमी. लाकडाच्या वेगावर लोखंडाचा बार धरला की ठिणग्या उडतात, दातांची टोकं तापून मऊ पडतात आणि नवंकोरं ब्लेड पहिल्याच कापात बाद होतं. उलट, लोखंडाच्या वेगावर सागवान कापलं तर मोडतोड काही होत नाही, फक्त फळी संपता संपत नाही.

हिशोब कागदावर मांडून पाहावा. १४ इंची चाकाचा घेर सुमारे १.१ मीटर. ते मिनिटाला ८२० फेरे फिरलं की ब्लेडला ९०० मीटरचा वेग मिळतो. मोटार १४४० आरपीएमची, त्यामुळे एक लहान आणि एक मोठी पुली लावली की काम भागतं. लोखंडासाठी मात्र तेच चाक मिनिटाला ५५ फेऱ्यांवर आणायचं, म्हणजे मोटारचा वेग २६ पटींनी उतरवायचा. एका पट्ट्यावर ते जमत नाही. मध्ये आणखी एक शाफ्ट टाकून दोन टप्प्यांत पुल्या लावाव्या लागतात किंवा गिअरबॉक्स बसवावा लागतो.

हल्ली बरेच जण व्हीएफडीचा, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटारचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा सल्ला देतात. नॉबने वेग कमी-जास्त करण्याची सोय मोहात पाडते खरी, पण व्हीएफडीला तीन फेजची मोटार लागते आणि वेग जितका उतरवाल तितकी मोटारची ताकदही उतरते. शिवाय मोटारचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. तो मंदावला की मोटार तापते. थोडाफार वेग जुळवायला व्हीएफडी उत्तम, पण पंधरा पट कमी करायचा असेल तर गिअरच हवा.

अॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी, आणि पॅटर्न शॉपला हाच मोठा दिलासा. ते लाकडाच्या वेगावर व्यवस्थित कापलं जातं. त्रास होतो तो चिकटण्याचा. मऊ चिप्स दातांमधल्या खाचेत दाबल्या जाऊन तिथेच बसतात आणि ब्लेड कापायचं सोडून घासू लागतं. चालत्या ब्लेडला अधूनमधून मेण लावलं की खाच मोकळी राहते. तेव्हा ज्याचं काम लाकूड आणि अॅल्युमिनियम एवढंच आहे, त्याने गिअरबॉक्सच्या मशीनवर पैसे घालू नयेत.

ब्लेड निवडताना एक नियम कधी सोडू नये: मालात एका वेळी किमान तीन दात असले पाहिजेत. सहा इंची सागवान चिरायला इंचाला ३ दात चालतात, ६ मिलिमीटरच्या प्लेटला १४ लागतात. मोठ्या दाताचं ब्लेड पातळ पत्र्यावर घातलं तर कड दातांच्या मधे अडकते आणि दात ओळीने तुटतात. बायमेटल ब्लेडची पाठ लवचीक स्प्रिंग स्टीलची आणि दातांची कड हायस्पीड स्टीलची. त्याला ताणही जास्त द्यावा लागतो, जो हलक्या फ्रेमच्या मशीनला झेपत नाही.

या यंत्राचं दुखणं पहिल्यापासून ब्लेडच्या जोडात आहे. विल्यम न्यूबेरी यांनी इंग्लंडमध्ये १८०९ साली बँडसॉचं पेटंट घेतलं, पण वळून वळून ब्लेड जोडावर तुटत असे. आन पोलिन क्रेपँ या फ्रेंच महिलेने १८४६ मध्ये जोडाची टिकाऊ पद्धत शोधली, तेव्हा कुठे हे यंत्र कारखान्यात रुळलं. आजही बट वेल्डिंग केल्यावर जोड कडक आणि ठिसूळ होतो. तो पुन्हा मंद लाल होईपर्यंत तापवून हळूहळू थंड करतात, मग दोन्ही बाजूंनी घासून सपाट करतात. नवीन ब्लेड हातात आलं की जोडावरून बोट फिरवून पाहावं. उंचवटा लागला तर गाइडमधून जाताना दर फेरीला टक् असा आवाज येणार, आणि ते ब्लेड फार दिवस टिकणार नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते सफाईकडे. खालच्या दाराआड लाकडाचा भुसा साठलेला असतो आणि त्यावर लोखंडाची तापलेली चिप पडते. आग लगेच दिसत नाही; भुसा आतल्या आत धुमसतो आणि शॉप बंद झाल्यावर पेटतो. म्हणून लाकडावरून लोखंडावर जाताना डस्ट कलेक्टरची नळी काढायची, आतला भुसा पूर्ण झाडायचा, चाकाच्या रबरात रुतलेले कण ब्रशने काढायचे. परत लाकडावर येताना कूलंटचा थेंबही टेबलावर राहू द्यायचा नाही, नाहीतर फळीवर डाग पडतो. दिवसातून चार वेळा माल बदलत असेल, तर एवढी झाडलोट कोणाच्याही हातून नीट होणार नाही. अशा शॉपने लाकडासाठी एक साधा उभा बँडसॉ आणि लोखंडासाठी एक छोटा आडवा बँडसॉ घेतलेला बरा.

एकच मशीन घ्यायचं ठरलं असेल तर पैसे देण्याआधी सागवानाची फळी आणि ५० मिलिमीटरचा एम.एस. बार दुकानात घेऊन जावा. दोन्ही वेग बदलून दाखवायला सांगावं आणि पट्टा बदलायला किती वेळ जातो ते पाहावं. बार कापताना पडणाऱ्या चिप्स नीट बघाव्यात. निळ्या पडल्या तर वेग जास्त आहे, पिठासारख्या बारीक असतील तर दाब कमी पडतोय. चांदीसारख्या चकचकीत, सुट्या वेटोळ्या पडत असतील तर वेग आणि दाब दोन्ही जुळलेत. मग गुण्या लावून कापाचा काटकोन तपासावा आणि भावाचं बोलायला बसावं.