दिव्याखालचा खांब

रस्त्यावरचा दिवा विझला की दुसऱ्या दिवशी तक्रार जाते. पण दिव्याखालचा खांब पोखरत चालला असला तरी कोणी हूं की चूं करीत नाही. दिव्याचा दोष दिसतो, खांबाचा दिसत नाही, एवढेच त्याचे कारण. हा लपलेला दोष कसा शोधतात, ते आपण पाहू.

खांबाला स्वतःचे वजन जड नसते. त्याचा खरा वैरी वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो भरतो. आता ८ मीटर उंचीवर अवघ्या १० किलोचा रेटा बसला, तर बुंध्याला तो एक मीटर उंचीवर दिलेल्या ८० किलोच्या रेट्याइतका जाणवतो. म्हणजे सारा ताण बुंध्याशी गोळा होतो. आणि गंजही नेमका तेथेच चढतो! ओली माती, साचलेले पाणी, किनाऱ्याची खारी हवा आणि, हसू नका, कुत्र्यांचे मूत्र, ही सारी त्याची कारणे. त्यातच तारा जोडण्यासाठी ठेवलेले दार खांबाला तेवढेच दुबळे करते.

पोकळ नळीचे बळ पत्र्याच्या जाडीवर असते. ४ मिलिमीटरचा पत्रा झिजून २ मिलिमीटर उरला, तर बळ जवळजवळ निम्मे झाले असे समजावे; मग वरचा रंग कितीही ताजा असो.

तपासणीची पहिली पायरी डोळ्यांची: खांब कलला आहे काय, रंगाला फोड आहेत काय, दाराच्या कोपऱ्याशी किंवा सांध्याशी चीर आहे काय. मग बुंध्याजवळची माती उकरून जमिनीखालचा भाग पाहतात. दुसरी पायरी ध्वनीची. कानाला न ऐकू येणारा ध्वनी पत्र्यात सोडतात. तो आतल्या पृष्ठावरून परत येण्यास लागलेल्या वेळावरून जाडी कळते. ४ मिलिमीटरच्या पोलादात हा वेळ सेकंदाच्या दहा लक्षांशाहून किंचित अधिक असतो. तिसरी पायरी बळाची. खांबाला ठरलेल्या भाराने आडवे ओढून तो किती वाकतो ते मोजतात आणि भार सोडतात. खांब पूर्ववत उभा राहिला तर ठीक. कललेलाच राहिला तर पोलाद तरी हरले किंवा पाया तरी सैल झाला. गंज एकाच बाजूला असू शकतो, म्हणून ओढ एकाहून अधिक दिशांनी देतात.

मात्र हा निकाल त्या दिवसापुरता असतो. गंज थांबत नाही. म्हणून प्रत्येक खांबाला क्रमांक, त्याची नोंद आणि ठराविक काळाने फेरतपासणी हवी. केवळ वय पाहून सगळेच खांब उपटणे ही उधळपट्टी, आणि पडेपर्यंत वाट पाहणे हा अपराध. तपासणी या दोहोंतून वाट काढते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा विजेचे हजारो खांब कोसळले. अशा वादळात सुदृढ खांबही पडतात, हे खरे. पण आतून खचलेला खांब वादळाची वाट पाहत नाही, आणि खाली कोण उभे आहे हेही पाहत नाही. म्हणून आम्हांला एवढेच सुचवावेसे वाटते: आपल्या नगरपालिकेला दिवे किती लावले हे विचाराच, पण खांब किती तपासले, हेही विचारा.