वार्धक्यातील मांसक्षय आणि शाकाहारी रुग्णाचे पथ्य

सत्तरीचा रुग्ण 'खुर्चीतून उठताना हातांचा आधार घ्यावा लागतो' असे सांगतो, तेव्हा बहुधा संधिवाताची चिकित्सा सुरू होते. त्याच्या पोटऱ्या व नितंब पाहणे राहून जाते. चरकाचार्यांनी मांसक्षयात स्फिक्, ग्रीवा व उदर यांच्या शुष्कतेचा विशेषत्वाने उल्लेख केला आहे. वार्धक्यातील या अवस्थेस आधुनिक वैद्यकात 'सार्कोपेनिया' हे नाव १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचविले.

मांसाने मांस वाढते, हा सामान्यसिद्धांत सर्वपरिचित आहे. मग जन्मभर शाकाहारी असलेल्या वृद्धाचे काय? चरकसंहितेच्या शारीरस्थानातील सहाव्या अध्यायातच याचे उत्तर आहे. समान द्रव्य उपलब्ध नसेल, किंवा घृणेमुळे वा अन्य कारणाने त्याचा उपयोग करता येत नसेल, तर समान गुणांची दुसरी द्रव्ये योजावीत, असे तेथे सांगितले आहे. सबब शाकाहार हा येथे अडसर नव्हे. खरा अडसर आमच्या मते वेगळाच आहे. तो म्हणजे अनिश्चित काळ चालणारे लघु पथ्य.

अग्निमांद्यासाठी पेज व मुगाची पातळ खिचडी सांगितली जाते, ते योग्यच. परंतु ती किती दिवस घ्यावी हे सांगितले जात नाही आणि रुग्ण वर्षानुवर्षे तेवढ्यावरच राहतो. अशा आहाराचा हिशेब करून पाहावा. सकाळ-संध्याकाळच्या चहातील दुधातून सुमारे ३ ग्रॅम प्रथिने मिळतात. दुपारच्या दोन लहान पोळ्यांतून ६ ग्रॅम, पातळ आमटीतील १५ ग्रॅम डाळीतून साडेतीन ग्रॅम, भाजीतून फार तर २ ग्रॅम आणि रात्रीच्या खिचडीतून साडेपाच ग्रॅम. एकूण २०. वृद्धांना शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, अशी शिफारस तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ साली केली. म्हणजे ५५ किलो वजनाच्या आजींना ५५ ते ६६ ग्रॅम हवीत. मिळतात त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत.

त्यातही वनस्पतिज प्रथिनांत ल्युसिन हे अमिनो आम्ल तुलनेने कमी असते आणि वृद्ध स्नायू अल्प मात्रेला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. याची तुलना धात्वग्निमांद्याशी करण्याचा मोह होतो. दोन्ही कल्पना एकच आहेत असा आमचा दावा नाही. पण व्यवहारातील निष्कर्ष जुळतो. मात्रा प्रत्येक जेवणात पुरेशी हवी आणि ती पचावयास हवी.

यासाठी परके पदार्थ शोधण्याची गरज नाही. ५० ग्रॅम मुगाचे धिरडे सुमारे १२ ग्रॅम, ४० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण किंवा तेवढ्याच बेसनाचे पिठले ९ ग्रॅम, ३० ग्रॅम दाण्यांचे कूट ७ ग्रॅम आणि २५० मिलिलिटर दूध ८ ग्रॅम प्रथिने देते. धान्यात लायसिन कमी, तर डाळीत मेथिओनिन कमी असते. भाकरीबरोबर वरण खाल्ल्याने दोन्ही उणिवा भरून निघतात. माष बल्य व बृंहण खरा, परंतु गुरु आहे. अग्नी सुधारल्यावर दुपारी उडदाचे घुटे द्यावे, त्यात लसूण, आले, हिंग व वर तूप असावे. दात नसलेल्यांस उसळीपेक्षा हे सोपे पडते. दूधही वर्ज्य करणाऱ्यांस सोयाबीन व टोफू द्यावे आणि जीवनसत्त्व ब-१२ स्वतंत्रपणे द्यावेच. ते डाळींतून मिळत नाही.

व्यायामाविना हा आहार पुरा पडत नाही. अष्टांगहृदयात वृद्धाला व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, याचा आधार घेऊन अनेकजण त्यास अंथरुणावर बसवितात. आमच्या मते तो निषेध शक्तीबाहेरील श्रमाचा समजावा. १९९० साली बोस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या दुर्बल वृद्धांना आठ आठवडे वजन उचलण्याचा पायांचा व्यायाम दिला असता त्यांच्या मांड्यांचे बल लक्षणीय वाढले. आपल्या रुग्णास कोणाच्या तरी देखरेखीखाली खुर्चीवरून उठणे-बसणे पुरेसे आहे. हात छातीशी धरून पाच वेळा उठण्यास १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास मांसक्षयाची शंका घ्यावी. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली हीच मर्यादा मानली आहे.

मूत्रपिंडाचा जुना विकार असल्यास मात्र प्रथिने परस्पर वाढवू नयेत. क्रिएटिनिन तपासून, उपचार करणाऱ्या तज्ज्ञांशी बोलूनच मात्रा ठरवावी.