घरपट्टी आमची, अंदाजपत्रक कोणाचे?

फेब्रुवारी-मार्च आला की वर्तमानपत्रांत एक ठरलेला मथळा छापून येतो : 'कोणतीही करवाढ नसलेले अंदाजपत्रक सादर'. सोलापूर महापालिका असो की मोहोळ, कुर्डुवाडी, अक्कलकोटसारख्या गावची नगरपालिका असो, मथळा तोच. तो वाचून मध्यमवर्ग सुखावतो. आणि वस्तीतला माणूस? अंदाजपत्रक नावाचा कागद आपल्यासाठी असतो, हेच त्याला कोणी सांगितलेले नाही. चार-सहा महिन्यांनी त्याच्या दारात वाढीव घरपट्टीची नोटीस येते. करवाढ नव्हती ना? मग ही वाढ आली कोठून?

यातली मेख समजून घेतली पाहिजे. घरपट्टी दोन गोष्टींवर ठरते. एक, घराचे करयोग्य मूल्य, म्हणजे ते घर भाड्याने दिले तर वर्षाला जे वाजवी भाडे येईल त्यातून दुरुस्तीखातर दहा टक्के वजा करून उरणारी रक्कम. दुसरी, त्या मूल्यावर लावायचा कराचा दर. दर वाढवायचा तर सभागृहात ठराव करावा लागतो, आरडाओरड होते. मूल्य मात्र फेरआकारणीत गुपचूप वाढते. समजा दर तीस टक्के आहे आणि करयोग्य मूल्य तीन हजार. कर झाला नऊशे रुपये. दर तोच ठेवून मूल्य पाच हजार केले की कर होतो पंधराशे. ठरावात करवाढ शून्य, खिशातून सहाशे रुपये जास्त!

बरे, ही फेरआकारणी सर्वांना सारखी लागते म्हणावे तर तसेही नाही. मुख्य पेठांतल्या जुन्या, भाडेकरू असलेल्या इमारतींचे मूल्य भाडेनियंत्रण कायद्यातल्या प्रमाणित भाड्यापलीकडे नेता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली दिवाण दौलतराय कपूर खटल्यात दिला. देशातल्या अनेक शहरांत त्याचा परिणाम असा झाला की भर बाजारातली मोक्याची जागा नाममात्र कर भरते आणि विडी वळून, यंत्रमागावर राबून, कर्ज काढून शहराच्या कडेला दोन खोल्या बांधणारा नव्या बाजारभावाने कर भरतो. ज्याचे घर नवे तो श्रीमंत, असे हे अजब गणित आहे.

हे गणित आपल्याला नवे नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळात नियुक्त सदस्य म्हणून गेले आणि २४ फेब्रुवारी १९२७ रोजी अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले. त्यांनी बोट ठेवले ते शेतसाऱ्यावर. एका एकराचा धनी असो की शंभर एकरांचा, सारा त्याच दराने. पीक बुडाले तरी देणे चुकत नाही. उलट प्राप्तिकर मात्र ठरावीक उत्पन्नाच्या खालच्या माणसाला माफ! कर हा माणसाची ऐपत पाहून लावावा, हा त्यांचा मुद्दा होता. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर कोलंबिया विद्यापीठाला प्रबंध देणारा हा माणूस होता. या भाषणानंतर महिन्याच्या आत, २० मार्च १९२७ रोजी, तेच बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते.

या दोन तारखा आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. अंदाजपत्रक विद्वानांसाठी, चवदार तळे जयंतीच्या भाषणासाठी. पण महाडच्या संग्रामाला आधार कोणता होता? सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी विधिमंडळात संमत करून घेतलेला ठराव. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली असावीत, असे तो ठराव सांगत होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याला मान्यता दिली. म्हणजे पाण्यावरच्या हक्काची एक बाजू सरळ कराच्या पैशाची होती. तळे राखायला सरकारी तिजोरी, आणि पाणी प्यायला फक्त सवर्ण, हे चालणार नाही!

आता सोलापूरकडे या. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात वसतिगृह उघडले. जिवाप्पा ऐदाळे यांनी त्याची व्यवस्था पाहिली. पुढे १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने तेच मुंबई विधानसभेवर निवडून गेले. या वसतिगृहाला सोलापूर नगरपालिका दरमहा चाळीस रुपये अनुदान देत होती. रक्कम लहान वाटेल. पण इंग्रजी अमदानीत, सवर्णांच्या ताब्यातल्या नगरपालिकेच्या हिशेबात आपल्या पोरांच्या नावाने एक ओळ लिहिली गेली होती, आणि ती मागून, झगडून लिहवून घेतलेली होती.

आज ती ओळ कोठे आहे? कागदावर ती चाळीस रुपयांहून कितीतरी मोठी आहे. मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी ग्रामपंचायतीने १५ टक्के, जिल्हा परिषदेने स्वउत्पन्नाच्या २० टक्के आणि नगरपालिका-महापालिकांनी ५ टक्के रक्कम खर्च करावी, असे शासनाचे आदेश आहेत. (गावाला पंधरा आणि शहराला पाचच का, हा प्रश्न आपल्या एकाही नेत्याने लावून धरल्याचे ऐकिवात नाही. त्यांना जागावाटपातून सवड मिळाली तर ना!) या पाच टक्क्यांचे होते काय, हे वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको. गटार, दिव्याचे खांब, समाजमंदिराची रंगरंगोटी. जी कामे पालिकेने सर्व नागरिकांसाठी सामान्य निधीतून करायचीच असतात, ती वस्तीत केली की 'मागासवर्गीयांवरील खर्च' होतात. मार्चअखेर उरले ते परत! आपल्या हद्दीला लागून असलेल्या कर्नाटकाने २०१३ साली अनुसूचित जाती उपयोजनेच्या राज्य निधीसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रातही असा कायदा करा, ही मागणी आंबेडकरी चळवळ वर्षानुवर्षे करत आली आहे. शहरांच्या पाच टक्क्यांनाही तसेच कायद्याचे कुंपण हवे आहे.

आणि विचारणार कोण होते? सोलापूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. जिल्ह्यातल्या बहुतेक नगरपालिकांनीही डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच पाहिला. या जवळपास चार वर्षांत अंदाजपत्रक मांडणारा तोच अधिकारी, मंजूर करणारा तोच. सभागृहच नाही म्हटल्यावर अनुसूचित जातींच्या राखीव जागाही नाहीत. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने दिलेले आरक्षण इतकी वर्षे कुलूपबंद राहिले, त्यावर एक मोर्चा निघायला हवा होता. करवसुली मात्र एक दिवस थांबली नाही.

वसुलीचे हत्यार म्हणजे शास्ती. थकीत करावर महिन्याला दोन टक्के, वर्षाला चोवीस टक्के. खाजगी सावकाराला आपण शिव्या देतो! आकारणीविरुद्ध न्यायालयात अपील करायचे तर आधी बिलाची रक्कम भरा, मग दाद मागा. हातावर पोट असलेल्याने भरायचे कोठून? २०२५ मध्ये नगरपालिकांतील शास्ती माफ करण्यासाठी शासनाने अभय योजना आणली. ती चांगलीच. पण पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता करातून मोकळीक द्यायची झाली, तेव्हा २०२२ साली दुरुस्ती झाली ती मुंबई महापालिकेच्या कायद्यात. रामवाडीतल्या दोनशे फुटांच्या खोलीने काय पाप केले आहे? मुंबईतल्या विधानसभेत सोलापूरचेही आमदार बसतात. राखीव मतदारसंघांतून गेलेलेही बसतात.

घरपट्टी भरूच नका, असे इथे कोणी म्हणत नाही. कर बुडवणारे बडे थकबाकीदार वेगळे, त्यांची यादी पालिकेकडे असते, ती मागा. आपण कर भरतो म्हणूनच हिशेब मागायचा आहे. महापालिकेत करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. म्हणजे मोर्चा मार्चमध्ये काढून उपयोग नाही, जानेवारीतच निवेदन गेले पाहिजे. फेरआकारणीची नोटीस आली की तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या, सुनावणीला चार शेजारी सोबत न्या. तोंडी तक्रारीला कागदावर किंमत नसते. मिलिंद नगर, बुधवार पेठेतल्या मंडळांनी जयंतीच्या बैठका सुरू होण्याआधी एक बैठक यासाठी लावावी. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज लिहावा आणि तीनच गोष्टी मागाव्यात : गेल्या पाच वर्षांत पाच टक्क्यांची रक्कम किती धरली, किती खर्च केली, आणि कोणत्या कामावर, कोणत्या वस्तीत. अर्ज लिहायला महाविद्यालयात शिकणारी आपली मुले-मुली आहेतच.