पराभूताचा प्रश्न : लायबेरियातील युद्धोत्तर निवडणूक-प्रचार

निवडणूक ही विजेता ठरविण्याची पद्धत आहे, असे राज्यशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. यादवी युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशातील मतदाराला मात्र त्याआधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो : जो हरेल तो पुढे काय करील? हरणाऱ्याच्या हाती सैन्य असेल, तर मतपत्रिका हे निवडीचे साधन न राहता तहाचे कलम बनते. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या देशातील १९९७ आणि २००५ या दोन निवडणुका एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्यास हा भेद स्पष्ट होतो.

२४ डिसेंबर १९८९ रोजी चार्ल्स टेलर यांच्या बंडखोरांनी आयव्हरी कोस्टच्या सीमेवरून निंबा प्रांतात प्रवेश केला आणि युद्ध पेटले. पुढील सात वर्षांत टोळ्यांतून टोळ्या फुटल्या, तह झाले आणि मोडले. ऑगस्ट १९९६ मधील आबुजा येथील करारानंतर १९ जुलै १९९७ रोजी मतदान झाले. सशस्त्र गटांना राजकीय पक्षांचे रूप घ्यावे लागणार होते, आणि ते त्यांनी घेतले. टेलर यांची फौज 'नॅशनल पेट्रिऑटिक पार्टी' झाली. नाव पालटले, परंतु माणसे, पैसा आणि अधिकाराची उतरंड बव्हंशी तीच राहिली. प्रचाराच्या साधनांत टेलर यांची बरोबरी करणारा कोणी नव्हता. युद्धकाळात लाकूड व खनिजांच्या व्यापारातून जमविलेली संपत्ती आणि स्वतःची नभोवाणी केंद्रे त्यांच्यापाशी होती.

तथापि, टेलर यांना मिळालेल्या ७५ टक्क्यांहून अधिक मतांचा उलगडा केवळ साधनांच्या या विषमतेने होत नाही. त्यांच्या समर्थकांच्या ज्या घोषणेने जगाचे लक्ष वेधले, तिचा आशय असा होता की, या माणसाने आई मारली, बाप मारला, तरीही मत त्यालाच. बाहेरच्या निरीक्षकांना ती विकृत वाटली. परंतु त्या मतदाराचा हिशेब साधा होता. टेलर हरले तर ते पुन्हा रानात जातील. जिंकले तर कदाचित थांबतील. एलेन जॉन्सन सर्लीफ यांना त्या वेळी जेमतेम १० टक्के मते पडली. या मतदाराला अज्ञानी ठरविणे हा अन्याय होय. त्याने उमेदवार निवडला नाही, युद्धविराम विकत घेतला. तो सौदा टिकला नाही, हे खरे. १९९९ मध्ये टेलर यांच्याविरुद्ध नवे बंड उभे राहिले आणि ११ ऑगस्ट २००३ रोजी सत्ता सोडून ते नायजेरियात गेले. त्यानंतर आठवडाभरातच आक्रा येथे शांतता-करार झाला.

या करारातील एका तरतुदीची चर्चा कमी होते. हंगामी सरकारच्या प्रमुखपदी असणाऱ्यांना पुढील निवडणूक लढविण्यास मनाई होती; परिणामी प्रचाराच्या काळात सत्तेची यंत्रणा कोणा एका उमेदवाराच्या दावणीला बांधली गेली नाही. शिवाय संयुक्त राष्ट्रांची सुमारे १५,००० सैनिकांची शांतिसेना देशात होती आणि एक लाखाहून अधिक व्यक्तींची निःशस्त्रीकरण योजनेत नोंद झाली होती. प्रमुख उमेदवारांपैकी कोणाच्याही पाठीशी स्वतःची फौज उरली नव्हती.

त्यामुळे प्रचाराची भाषाच बदलली. राज्यघटनेनुसार मतदान ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी, म्हणजे प्रचार ऐन पावसाळ्यात. रस्ते चिखलात गेलेले. काही भागांत मतदान-साहित्य हेलिकॉप्टरने, तर काही ठिकाणी डोक्यावरून वाहून न्यावे लागले. अध्यक्षपदासाठी २२ उमेदवार होते. १९९५ चा जगातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेला जॉर्ज विया आणि हार्वर्डमध्ये शिकलेल्या, जागतिक बँकेत काम केलेल्या सर्लीफ यांच्यात खरी झुंज होती. वियाचे शिक्षण अपुरे असल्याची टीका झाली, तेव्हा त्याच्या समर्थकांनी तीच टीका घोषणा म्हणून मिरविली : पुस्तक येवो न येवो, मत तुलाच. शिकलेल्यांनीच देश बुडविला, हा त्यामागील रोष होता, आणि शाळेऐवजी बंदूक हाती आलेल्या तरुणांना तो आपला वाटला. सर्लीफ यांच्या बाजूने स्त्रियांनी मतदार-नोंदणीपासूनच काम केले. पहिल्या फेरीत विया २८ टक्के मतांनी आघाडीवर होता. ८ नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत सर्लीफ ५९ टक्के मतांनी विजयी झाल्या. वियाने गैरप्रकाराचा आरोप केला, मन्रोव्हियात निदर्शने व दगडफेक झाली. पण अखेर त्याने तक्रार मागे घेतली. हरलेल्या पक्षाकडे दगड होते, बंदुका नव्हत्या.

(जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील भारतीय महिलांची तुकडी याच शांतिसेनेत दाखल झाली आणि फेब्रुवारी २०१६ पर्यंत तेथे राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतील अशी ती पहिलीच महिला-तुकडी.)

बंदुका गेल्या तरी सरदार गेले नाहीत. त्यांनी मतपेढ्या उभारल्या. 'मतपेढी' ही संकल्पना म. न. श्रीनिवास यांनी भारतीय खेड्याच्या अभ्यासातून रूढ केली; निंबातील मतपेढीचे भांडवल मात्र वेगळे होते. सॅम्युएल डो यांच्या राजवटीत तेथील गिओ व मानो जमातींवर अत्याचार झाले होते. १९९० मध्ये डो यांना पकडून ठार करणाऱ्या टोळीचे प्रमुख प्रिन्स जॉन्सन हे त्यामुळे निंबाचे तारणहार ठरले. २००५ मध्ये ते सिनेटवर निवडून आले. २०११ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना सुमारे १२ टक्के मते मिळाली आणि दुसऱ्या फेरीत त्यांनी सर्लीफ यांना पाठिंबा दिला. २०१७ मध्ये वियाला, तर २०२३ मध्ये जोसेफ बोकाय यांना. तिन्ही वेळा त्यांनी पाठिंबा दिलेला उमेदवारच अध्यक्ष झाला. दुसरीकडे, २०१७ मध्ये वियाबरोबर उपाध्यक्षपदी निवडून आलेल्या ज्युएल हॉवर्ड-टेलर या चार्ल्स टेलर यांच्या पूर्वाश्रमीच्या पत्नी आणि त्यांच्याच जुन्या पक्षाच्या नेत्या होत्या.

शांतता टिकली ती या तडजोडींमुळे, हे नाकारता येत नाही. परंतु तिची किंमत न्यायाच्या खात्यातून दिली गेली. सत्यशोधन आयोगाने २००९ मध्ये खटल्यांची आणि, सर्लीफ यांच्यासह अनेकांना सार्वजनिक पदांपासून ३० वर्षे दूर ठेवण्याची शिफारस केली; २०११ मध्ये सर्लीफ पुन्हा निवडून आल्या. टेलर यांना २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली, तीही शेजारच्या सिएरा लिओनमधील गुन्ह्यांसाठी. शांतिसेना २०१८ मध्ये माघारी गेल्यानंतरच्या पहिल्या अध्यक्षीय निवडणुकीत, २०२३ मध्ये, विया एक टक्क्याहून थोड्या अधिक फरकाने हरले आणि अंतिम निकालाची वाट न पाहता त्यांनी पराभव मान्य केला. विजयी झालेल्या बोकाय यांनी मे २०२४ मध्ये युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाची पूर्वतयारी करणारे कार्यालय स्थापण्याचा आदेश काढला. प्रिन्स जॉन्सन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निधन पावले. तेव्हाही ते निंबाचे सिनेटर होते.