टीव्हीवर गेम खेळताना मागे राहणारी शेपटं: एक तक्रार, सहा संशयित

"घोस्टिंग होतंय" हे वाक्य "पोटात दुखतंय" या वाक्यासारखं आहे. तक्रार खरी असते, पण तेवढ्यावरून आजार कळत नाही. पीसी टीव्हीला जोडून गेम खेळणारा माणूस सांगतो की कॅमेरा फिरवला की झाडांमागे काळपट सावली ओढली जाते, किंवा पळणाऱ्या माणसाला शेपूट फुटतं. ही सावली सहा ठिकाणी तयार होऊ शकते: गेमच्या आत, पीसीच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये, टीव्हीच्या चित्रप्रक्रियेत, बॅकलाइटमध्ये, पॅनेलच्या पिक्सेलमध्ये आणि चक्क तुमच्या डोळ्यात.

संशोधनाच्या वाटेवर असलेल्यांसाठी लिहायच्या जागी हा विषय कशाला, असं वाटेल. पण प्रवेश परीक्षेच्या मुलाखतीत "दोन गृहीतकांमध्ये फरक करणारा प्रयोग सांगा" असं विचारल्यावर बरेच जण अडखळतात, हे मी बघितलंय. पाठ केलेली व्याख्या येते, प्रयोग येत नाही. त्या प्रश्नाचा सराव करायला घरातला टीव्ही उत्तम, आणि इथे चुकीच्या निदानाची किंमत रुपयांत मोजता येते.

आमच्या हॉस्टेलच्या एका ज्युनियरचंच उदाहरण घ्या. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून त्याने ५५ इंची वापरलेला टीव्ही घेतला, १२० हर्ट्झचा. गेम लावला की शेपटं. दुरुस्तीवाले काका येऊन दोन मिनिटं बघून म्हणाले, "पॅनेल गेलंय, बदलावं लागेल." पॅनेलचा खर्च जवळजवळ टीव्हीच्याच किमतीएवढा. विकणाऱ्याने परत घ्यायला आठवड्याची मुदत दिली होती, त्यातले चार दिवस संपलेले. म्हणजे तीन दिवसांत ठरवायचं होतं: परत द्यायचा, पैसे घालायचे की ठेवायचा.

"पॅनेल गेलंय" हेसुद्धा एक गृहीतक आहे. वाईट नाही, फक्त तपासलेलं नाही.

पहिला प्रयोग फुकट आहे. शेपूट दिसत असतानाच पीसीवर स्क्रीनशॉट घ्या. स्क्रीनशॉट म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीतलं चित्र, ते अजून केबलमध्येही शिरलेलं नसतं. गेम थांबवून तो शांतपणे बघा, झूम करा. स्थिर चित्रातही शेपूट दिसत असेल तर टीव्ही निर्दोष आहे. मग संशयित दोन. एक मोशन ब्लर, तो गेमच्या सेटिंगमध्ये बंद करता येतो. दुसरा जरा हुशार: टेम्पोरल अँटीअलायझिंग, म्हणजे टीएए, आणि त्याच कुळातली डीएलएसएस, एफएसआर ही तंत्रं. कडा गुळगुळीत करायला ही तंत्रं आधीच्या फ्रेममधली माहिती आताच्या फ्रेममध्ये मिसळतात. वस्तू कुठून कुठे गेली याचा हिशेब चुकला की जुनी फ्रेम पूर्ण पुसली जात नाही आणि भूत मागे राहतं. बारीक तारा, पानं, पाऊस, जाळीचं कुंपण अशा जागी हे जास्त दिसतं. स्क्रीनशॉट स्वच्छ आला तर हे दोघेही सुटले.

एका मिनिटाच्या प्रयोगाने सहापैकी एक जागा पूर्णपणे आत किंवा बाहेर. निकाल काहीही आला तरी तुम्ही पुढे सरकता, चांगला प्रयोग असा असतो. "सगळी सेटिंग बदलून बघितली, थोडं बरं वाटलं" हा प्रयोग नव्हे. त्यातून काय बदललं ते कळत नाही, आणि "वाटलं" हा शब्द तर सर्वात धोकादायक. त्याकडे पुढे येतोच.

ज्युनियरचा स्क्रीनशॉट स्वच्छ होता.

आता डोळ्याचं प्रकरण. यावर थोडा वेळ घालवू, कारण इथेच बहुतेकांची समजूत अडते. एलसीडी असो वा ओएलईडी, फ्रेम दाखवली की पुढची येईपर्यंत ती जागची हलत नाही. ६० हर्ट्झला हा काळ १६.७ मिलिसेकंद. तुमचा डोळा मात्र हलणाऱ्या वस्तूचा पाठलाग सलग करत असतो, तो दर फ्रेमला थांबत नाही. म्हणजे चित्र उभं आणि डोळा चालता. परिणामी दृष्टिपटलावर चित्र घासलं जातं. किती? वेग गुणिले फ्रेम टिकण्याचा काळ. वस्तू सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने जात असेल आणि फ्रेम सेकंदाचा साठावा भाग टिकत असेल तर धूसरपणा १६ पिक्सेलचा. १२० ला ८ पिक्सेलचा. पिक्सेल कितीही चपळ असला तरी हा आकडा कमी होत नाही, म्हणूनच ओएलईडीवर ६० फ्रेमचा गेमही धूसर दिसतो.

हे पडताळायचं कसं? ब्लर बस्टर्सवाल्यांची टेस्टयूएफओ नावाची चाचणी ब्राउझरमध्ये चालते, तबकड्या आडव्या सरकत राहतात. टीव्हीच्या मधोमध कागदाचा छोटा तुकडा चिकटवा. एकदा तबकडीचा पाठलाग करून बघा, एकदा नजर कागदावर रोखून. नजर रोखल्यावर शेपटाचं रूप बदललं, तर त्यातला मोठा भाग तुमच्याच डोळ्याच्या हालचालीतून आलाय. याहून पक्कं हवं असेल तर मोबाइल स्टँडवर स्थिर ठेवा, प्रो मोडमध्ये शटर सेकंदाचा हजारावा भाग करा आणि फोटो काढा. स्थिर कॅमेरा पाठलाग करत नाही, त्यामुळे या फोटोत डोळ्याचा धूसरपणा येऊच शकत नाही. फोटोत जुन्या जागेवर फिकट तबकडी उरलेली दिसली, तर ती पडद्यावर खरोखर आहे. कॅमेरा हातात धरून पाठलाग करत काढलेल्या फोटोत दोन्ही कारणं एकत्र येतात, म्हणून तो पुरावा इथे चालणार नाही.

मोबाइलमध्ये २४० फ्रेमचा स्लो मोशन असेल तर अजून छान. ६० हर्ट्झच्या एका फ्रेममागे चार चित्रं मिळतात, म्हणजे जुनी प्रतिमा किती काळ रेंगाळते ते सुमारे ४ मिलिसेकंदांच्या पायरीने मोजता येतं.

शेपटाचा आकारही बोलतो. मागे एकसलग विरत जाणारी सावली असेल तर पिक्सेल किंवा चित्रप्रक्रिया. तबकडीच्या दोन-तीन सुट्या, सारख्या अंतरावरच्या प्रती दिसत असतील तर बॅकलाइट बघा. पुष्कळ टीव्हींचा बॅकलाइट सलग पेटत नाही, तो लुकलुकतो. सेकंदाला १२० वेळा लुकलुकला आणि गेमच्या फ्रेम ६० असल्या, तर प्रत्येक फ्रेम दोनदा उजळते आणि पाठलाग करणाऱ्या डोळ्याला दोन तबकड्या दिसतात. वरच्याच वेगाला त्यांच्यातलं अंतर ८ पिक्सेल येईल, मोजून बघा. काळ्या पार्श्वभूमीवर उजळ वस्तूमागे मऊ प्रकाशाचा ढग सरकत असेल, तर लोकल डिमिंगचे विभाग मागे पडताहेत.

(जाता जाता: जुन्या ॲनालॉग टीव्हीत "घोस्ट" म्हणजे वेगळंच भूत होतं. अँटेनाला थेट लहरीबरोबर इमारतीवर किंवा डोंगरावर आपटून आलेली लहर उशिरा मिळायची आणि चित्राच्या उजवीकडे फिकट दुसरं चित्र पडायचं. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत चित्राची एक ओळ साधारण ५२ मायक्रोसेकंदांत रंगायची. म्हणजे ५२ सेंटिमीटर रुंद पडद्यावर भूत १ सेंटिमीटर सरकलेलं असेल तर लहर सुमारे ३०० मीटर जास्त चालून आली. पट्टी लावून अडथळ्याचा अंदाज! आजच्या तक्रारीशी याचा संबंध फक्त नावापुरता, पण अंतरातून कारण काढायची युक्ती तीच.)

ज्युनियरच्या फोटोत जुनी प्रतिमा उरलेली स्पष्ट दिसत होती. म्हणजे पडद्यावर काहीतरी होतं. काका बरोबर? थांबा. पडद्यावर असणं वेगळं आणि पॅनेल बिघडलेलं असणं वेगळं.

टीव्हीमध्ये नॉइज रिडक्शन नावाची सोय असते. चित्रातले दाणे काढायला ती लागोपाठच्या फ्रेमची सरासरी घेते. सिनेमाला ठीक, पण गेममध्ये, विशेषतः अंधाऱ्या दृश्यात, सरासरी म्हणजेच शेपूट. मोशन स्मूदिंग मधल्या फ्रेम स्वतः रचतं आणि वस्तूंच्या कडेला वितळल्यासारखं दिसतं. गेम मोड लावला की यातलं बरंच बंद होतं, आणि बऱ्याच टीव्हींत त्या एचडीएमआय इनपुटला "पीसी" असं नाव दिलं की आणखी बंद होतं. पण एका वेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक बदलानंतर तोच फोटो, त्याच शटरला, त्याच तबकडीचा.

हॉस्टेलवर इथेच पहिला गुन्हेगार सापडला. नॉइज रिडक्शन बंद केल्यावर लांब शेपूट निम्म्याहून आखूड झालं. दुसरा विंडोजमध्ये: ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट ६० वरच होता. पीसीचं ग्राफिक्स कार्ड एचडीएमआय २.० चं. त्याच्या १८ गिगाबिटमध्ये पूर्ण रंगासह फोर-के १२० बसत नाही, त्याला ४८ गिगाबिटचं २.१ लागतं. मग त्याने १४४० पी ला उतरून १२० घेतलं. मात्र नुसता रिफ्रेश रेट वाढवून डोळ्यातला धूसरपणा जात नाही. गेम ६० च फ्रेम देत असेल तर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवली जाते, टिकण्याचा काळ तेवढाच. ग्राफिक्स सेटिंग खाली आणून फ्रेमही वाढवाव्या लागल्या.

तरी एक सावली उरली: काळी वस्तू गडद करड्या भिंतीपुढून गेली की मागे काळा फराटा. उजेडात काही नाही. रंगाप्रमाणे बदलणारं शेपूट ही पिक्सेलची सही आहे. हा व्हीए जातीचा पॅनेल, आणि त्यात हे का होतं ते समीकरणातच दिसतं. व्हीएमध्ये व्होल्टेज शून्य असताना द्रवस्फटिकाचे रेणू उभे असतात आणि पिक्सेल काळा. व्होल्टेज दिलं की ते झुकतात. साध्या समीकरणानुसार झुकायला लागणारा काळ द्रवाची चिकटाई आणि थराच्या जाडीचा वर्ग यांच्या प्रमाणात असतो, आणि छेदात येतो व्होल्टेजचा वर्ग वजा उंबरठा व्होल्टेजचा वर्ग. समजा उंबरठा २ व्होल्ट. पांढऱ्याकडे जायला ५ व्होल्ट दिले तर छेद २५ वजा ४, म्हणजे २१. गडद करड्यासाठी २.२ दिले तर ४.८४ वजा ४, म्हणजे ०.८४. पंचवीसपट हळू! काळ्याकडे परतताना तर व्होल्टेज समीकरणात उरतच नाही, रेणू आपापल्या गतीने उभे राहतात. ओव्हरड्राइव्ह म्हणजे क्षणभर जास्त व्होल्टेज देऊन ढकलणं. पण शून्याच्या खाली ढकलायला जागाच नाही.

चिकटाई थंडीत वाढते, म्हणून मोजण्याआधी टीव्ही अर्धा तास चालू ठेवावा. डिसेंबरात पुण्यात सकाळी सातला घेतलेला फोटो आणि दुपारचा फोटो यांची तुलना करू नये.

म्हणजे उरलेला फराटा हा बिघाड नव्हता, त्या जातीचा स्वभाव होता. त्याच जातीचं नवं पॅनेल बसवलं असतं तरी तो तसाच दिसला असता. गेममधला गॅमा थोडा वर नेऊन शुद्ध काळा टाळला की तो कमी होतो, बदल्यात काळ्याची खोली जाते.

आता "वाटलं" या शब्दाकडे. सेटिंग स्वतः बदलून स्वतःच निकाल देणारा माणूस सुधारणा बघतोच. म्हणून आम्ही त्याला बाहेर उभं केलं. रूममेटने नाणं उडवून गॅमा जुना किंवा नवा ठेवायचा, मेनू बंद करायचा, मग त्याने आत येऊन फराटा कमी आहे की जास्त ते सांगायचं. असं आठ वेळा. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर येण्याची शक्यता २५६ मध्ये १, सात किंवा जास्त येण्याची २५६ मध्ये ९, म्हणजे साडेतीन टक्के. उंबरठा आधीच ठरवला होता: सात. पहिल्या फेरीनंतर आकडा बघून उंबरठा ठरवायचा नसतो, हे वेगळं सांगायला नको. एक अडचण मात्र होती: गॅमा बदलला की भिंतही उजळते, मग तो फराट्याकडे न बघता भिंतीकडे बघूनच ओळखेल. म्हणून आधी त्याला दोन्ही सेटिंगमध्ये स्थिर दृश्य दाखवून घेतलं आणि उत्तर फराट्याच्या लांबीवरच मागितलं, पडद्याखाली चिकटवलेल्या पट्टीवर बोट ठेवून.

आठपैकी सात आले. टीव्ही त्याने ठेवला, पॅनेलचे पैसे वाचले, आणि त्यातल्या थोड्या पैशांतून एक फोटोडायोड मागवलाय. तो पडद्याला चिकटवून प्रयोगशाळेतल्या ऑसिलोस्कोपला जोडला की काळ्यापासून करड्यापर्यंतचा चढ थेट मिलिसेकंदांत दिसेल. चढ १० ते ९० टक्क्यांमध्ये मोजायचा की पूर्ण, यावरून आकडा बराच बदलतो. जाहिरातीतला "१ मिलिसेकंद" वाचताना हेही विचारून बघा.