समुद्राची ओढ

कसबा पेठेतील मुलास पाण्याची ओळख पूर्वी घराजवळच होत असे. पेठेच्या कडेने वाहणारी मुठा, वाड्यातील विहीर, पाठीला बांधलेला डबा आणि काठावर उभा असलेला काका अथवा मामा, एवढ्या साहित्यावर कित्येक मुले पोहावयास शिकली. नदीचा कोपही पेठेने पाहिला आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरून घरेच्या घरे खचली. पाण्याचा धाक त्यामुळे पुणेकरांस नवा नाही. परंतु हा सारा अनुभव नदीचा होय. नदी एकाच दिशेने वाहते आणि तिचा ओघ डोळ्यांना दिसतो. समुद्र पुढे येतो, मागे जातो, आणि त्याची ओढ वरून दिसेलच असे नाही.

समजा, पेठेतील एक कुटुंब पहाटे निघून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरले. आई, वडील, आजी, आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. दुपारची जेवणे झाली. वडील छायाचित्रे घेण्यात गुंतले, आई आजीसाठी सावली शोधू लागली. मुलांना ताकीद मिळाली, “घोट्याएवढ्याच पाण्यात खेळा हं.” आई समजली वडिलांचे लक्ष आहे; वडील समजले आईचे आहे. थोड्या वेळाने मुलगी एकटीच परत येऊन विचारते, “आई, बाळू इकडे आला का?”

एवढ्या अवधीत काय घडले असेल, हे समजून घेण्यासाठी प्रथम भरतीचा विचार केला पाहिजे. कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. दर्यावर्दी लोकांचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस 3, अष्टमीस 6, द्वादशीस 9. मुंबई व उत्तर कोकणास हा हिशेब स्थूलमानाने लागू पडतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी अधिक चढते, त्यास उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास कमी चढते, ती भांगाची भरती.

परंतु भांगाची भरती म्हणजे निर्भय समुद्र नव्हे. 1 फेब्रुवारी 2016 रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल आली होती. त्या दिवशी दुपारनंतर 14 विद्यार्थी बुडून मृत्यू पावले. ती पौष वद्य अष्टमी होती. पाण्याची चढ लहान होती, पावसाळा नव्हता, आणि बुडालेले विद्यार्थी महाविद्यालयात शिकण्याच्या वयाचे होते. जेथे तरुणांची ही गत, तेथे पाच वर्षांच्या मुलाची काय कथा!

पाण्याच्या बळाची कल्पना वजनावरून येते. एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे हजार किलो असते. मोठ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंतची लाट लहान मुलाच्या कमरेच्या वर जाते. ती परतताना त्याच्या पायांखालची वाळू ओढून नेते, आणि मूल एकदा पडले की त्यास उठण्यापूर्वीच दुसरी लाट गाठते. शिवाय किनाऱ्याचा तळ सपाट नसतो. मध्येच वाळूचा उंचवटा आणि त्याच्या मागे, किनाऱ्याकडील बाजूस, खोलगट भाग असतो. भरती चढू लागली की तो खोलगट भाग आधी भरतो. उंचवट्यावर उभ्या असलेल्यांस वाटते की पाणी अजून घोट्याएवढेच आहे, आणि परतीची वाट मात्र तोवर बुडालेली असते.

लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी परत कोठून तरी जाणारच. ते कित्येकदा एका अरुंद पट्ट्यातून जोराने समुद्राकडे धावते. दोन्ही बाजूंस लाटा फुटून फेस येत असतो आणि मध्ये एक पट्टा शांत, किंचित गडद दिसतो. अनभिज्ञ माणूस नेमका तोच सुरक्षित समजून तेथे उतरतो. या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये, दम संपतो. ती माणसास खाली नव्हे, बाहेर ओढते. म्हणून तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि शक्य झाल्यास किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे.

बुडणारे मूल ओरडते, ही समजूतही खोटी आहे. त्याची सारी धडपड श्वासासाठी चाललेली असते. हाक मारण्यास हवाच उरत नाही. एक मिनिटाच्या आत ते निःशब्दपणे दिसेनासे होऊ शकते. म्हणून किनाऱ्यावरून दिलेली ताकीद निरुपयोगी ठरते. लहान मुलामागे एक जाणता माणूस, तोही हात लांबवताच मूल हाती लागेल इतका जवळ, असला पाहिजे. आणि तो कोण, हे पाण्याजवळ जाण्यापूर्वी नाव घेऊन ठरले पाहिजे.

दुसरा कोणी बुडताना दिसल्यास पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये. दोर, रिकामा डबा, हवा भरलेली ट्यूब, जे हाती लागेल ते फेकावे, कोळी बांधवांस हाक मारावी आणि 108 अथवा 112 या क्रमांकावर कळवावे. बाहेर काढलेल्यास उलटे टांगणे किंवा पोट दाबणे अपायकारक आहे. श्वास थांबला असल्यास प्रथम तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर दाब द्यावा, आणि मदत येईपर्यंत हे थांबवू नये.

कोकणचा किनारा मुलांनी पाहावा, वाळूत किल्ले बांधावे, शिंपले वेचावे. त्यात वावगे काही नाही. फक्त निघण्याच्या आदल्या रात्री भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहावी, तिची पाऊणपट करावी आणि गावात पोहोचल्यावर तेथील कोळ्यास पुन्हा विचारून घ्यावे. मग मुलीने “बाळू कुठे आहे?” असे विचारले, तर उत्तर देणाऱ्याच्या मुठीत बाळूचा हात असेल.