पावसातली शिदोरी

पहाटे ५.३०
बेल्जियममधलं लिएज शहर. हॉटेलच्या मागे एका सायकल संघाचा ट्रक. पाऊस रात्रीपासून लागलाय, बाहेर ४ अंश. आत बाई एकट्याच. रात्री शिजवून ट्रेमध्ये थापलेल्या गोड भाताच्या वड्या पाडतायत. भातात मऊ चीज, वडी आपल्या नारळाच्या वडीएवढी. प्रत्येक वडी फॉइलमध्ये गुंडाळायची, पण एक कोपरा उघडा ठेवायचा. गारठलेल्या बोटांना फॉइल सोलता येत नाही. एका वर्षी निम्म्या वड्या न उघडताच परत आल्या होत्या, तेव्हापासूनची ही रीत.

बाई स्वान्यर आहेत. म्हणजे शिदोरी, मालीश, धुणं आणि ड्रायव्हिंग. रोजाचे दीडशे युरो. पाऊस असो वा ऊन, रोज तोच.

सकाळी ९.००
बसमध्ये सात रायडर, चौदा पाय. बाई हातमोजे चढवून गरम मलम चोळतात. मोजे नसले तर दिवसभर डोळ्याला बोट लावायची सोय नाही. बाहेर मेकॅनिक चाकांतली थोडी हवा सोडतोय, ओल्या रस्त्यावर टायरची पकड राहावी म्हणून. बाईंनी औषधांच्या दुकानातून पातळ रबरी मोज्यांचा डबा आणलाय. रायडरांनी आपल्या मोज्यांच्या आत घालायला. नऊ युरो, स्वतःच्या खिशातून. बिल जॅकेटमध्ये.

१०.१०
लिएज–बास्तोन–लिएज सुटली. १८९२ पासूनची शर्यत, अडीचशे किलोमीटरच्या वर. बाईंनी आणि मी ती सुटताना पाहिली नाही. डिकीत बाटल्या भरत होतो.

दुपारी १२.४०
बास्तोनच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभे आहोत. बाईंच्या गळ्यात कापडी पिशव्या. एकेकीत दोन वड्या, एक जेल, एक बाटली. आज बाटलीत साखर घातलेला गरम चहा. मी एक उचलायला गेलो.
“थांब, झाकण नीट बसलंय का बघ आधी!”
बसलं नव्हतं. मनगट भाजलं.

पिशवीचा बंद दोन बोटांवर सैल धरायचा, हात लांब करायचा. घट्ट धरला तर खांदा निखळेल. आधी मोटारसायकली, मग गाड्यांचे भोंगे, मग रंगीत रेनकोटांचा लोंढा. चेहरे चिखलाने सारखेच झालेले. बाई नावं ओरडतात. एक पिशवी गेली, दुसरी गेली, तिसरी हुकली आणि रस्त्यावर फुटली. अर्ध्या मिनिटात सगळं संपलं. त्यासाठी आम्ही पन्नास मिनिटं भिजत होतो. टीव्हीवर हा पाऊस देखणा दिसतो. इथे तो बुटात जातो.

२.५०
स्टाव्हलोच्या पुढचा चढ. आमचे दोघे इथेच उतरले. (एका सकाळीत संघ ‘आमचा’ झाला.) एकाला हेल्मेटचा पट्टा सुटेना. बोटं वाकतच नव्हती. बाईंनी त्याची हनुवटी वर केली, लहान मुलाची करावी तशी, आणि बक्कल काढलं. मग हात आपल्या काखेत घेतले. तो रडत होता की पाऊस होता, कळलं नाही. १९८० साली याच शर्यतीत बर्फ पडला. सुटले १७४, पोचले २१. जिंकलेल्या बर्नार हिनोच्या दोन बोटांतली जाणीव कायमची अधू झाली.

संध्याकाळी ४.३०
लिएजमध्ये शेवटची रेघ. पहिल्याला २०,००० युरो. बक्षीस संघात वाटण्याची पद्धत आहे, त्यात नोकरमाणसांनाही वाटा मिळतो. आमचा पहिला चाळिसाच्या मागे. वाटण्यासारखं काही नाही. बाईंनी रेघेकडे पाहिलं नाही. टॉवेल, कोमट पाणी, कोरडे मोजे. पाच माणसं, पाच पिशव्या.

रात्री ८.००
ट्रकमधलं वॉशिंग मशीन तिसऱ्यांदा लागलंय. पहिल्या धुण्याचं पाणी चहासारखं निघालं. सात जोड बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. पेपर हॉटेलच्या काउंटरवरून मागून आणलेला, शिळा, फुकटचा. मेकॅनिक साखळ्या धुतोय. आता मालीश, माणशी पाऊण तास.

११.४५
परवा स्वित्झर्लंडमध्ये रोमांदीची शर्यत सुरू होते. गाडी पहाटे निघणार. बाईंनी जॅकेटच्या खिशातून मोज्यांचं बिल काढलं. लगदा झालाय, आकडा पुसट. त्यांनी ते अलगद उलगडलं, ड्रायरच्या गरम पत्र्यावर पसरलं आणि वर एक रिकामी बाटली ठेवली.